भिंतीतले भाऊजी

लिलावघरासमोरची रांग आज मागच्या गल्लीत वळून छापखान्यापर्यंत पोचली होती. रांगेत काठी टेकत आलेले म्हातारे होते, कडेवर पोरं घेतलेल्या बायका होत्या, रजा टाकून आलेले कारकून होते. प्रत्येकाचं कुणी ना कुणी मेलेलं होतं, आणि प्रत्येकाला त्या मेलेल्याकडून दोन शब्द ऐकायचे होते.

आतून एक बाई डोळे पुसत, पण हसत बाहेर आली.

"बोलले! माझे वडील बोलले! 'घर' म्हणाले, 'पाणी' म्हणाले. हुबेहूब तोच आवाज!"

"म्हणजे काय म्हणायचंय त्यांना?" रांगेतल्या एकाने विचारलं.

"अहो, आमची गच्चीवरची टाकी गळतेय ना! तेच सांगत होते."

रांगेत एकदम कुजबुज झाली. एकाने तर कानाला हात लावले. परलोकात पोचलेल्या माणसाला गच्चीवरच्या टाकीची काळजी कशी पडली, असं विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आलं ते फक्त डॉक्टरीणबाईंच्या, पण त्या गप्प बसल्या. कारण त्यांच्यापुढे त्यांची थोरली बहीण उभी होती, आणि ताईच्या डाव्या छातीत एक गाठ होती.

डॉक्टरीणबाई कानाच्या डॉक्टर. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचे कान त्यांच्या हातचे. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून ताईनेच त्यांची वेणी घातली, अभ्यास घेतला, आणि परीक्षेच्या दिवसांत उशाशी बसून जागरणं केली. त्या ताईची गाठ त्यांनीच पहिल्यांदा चाचपली, तपासणी करून घेतली, सर्जनची तारीखही घेतली. गाठ वाईट होती, पण लहान होती. वेळेत कापली तर ताई जगण्याची चांगली आशा आहे, असं सर्जन म्हणाले होते. आणि ताई म्हणत होती, "आधी ह्यांना विचारते."

'ह्यांना' म्हणजे भाऊजींना. भाऊजी गेल्या वर्षी हृदयविकाराने गेले होते.

आत लिलावघर होतं तसंच होतं: गोल, उंच, वर विटांचा घुमट, आणि खाली सबंध फिरून येणारी गुळगुळीत भिंत. मधोमध एका उंच स्टुलावर घुमटबाबा बसले होते. पांढरा झगा, कपाळ कोरं, उजवा हात कायम गळ्यातल्या झोळीत. जप चालू असतो, असं लोक सांगत. पलीकडच्या बाजूला जाड काळा पडदा होता.

"मातांनो, बंधूंनो!" बाबांचा आवाज खर्जातून निघाला. "विश्व म्हणजे काय? कंपन! आत्मा म्हणजे काय? कंपन! मोबाईल म्हणजे काय? तेही कंपनच! मग मोबाईलला रेंज मिळते, तर आत्म्याला का मिळू नये?"

लोकांनी माना डोलावल्या. बिनतोड मुद्दा होता.

"कान भिंतीला. डोळे मिटलेले. प्रश्न बाहेरच्या खोलीत मला सांगितलाच आहे, मी तो वर पाठवला आहे. मध्येच काही विचारू नका, आत्मे लाजाळू असतात. आणि पडद्यापलीकडे कुणी पाय टाकायचा नाही. तिथून त्यांची वाट आहे. वाट मोडली तर आत्मा अधांतरी लटकेल, आणि ते पाप तुमच्या माथी."

ताईने भिंतीला कान लावला. बाबांचे ओठ हलले, झोळीतला हात हलला. ताईचा चेहरा आधी ताणला गेला, मग एकदम सैल पडला. तिच्या गालावरून पाणी वाहायला लागलं. बाहेर आल्यावर तिने डॉक्टरीणबाईंचा हात घट्ट धरला.

"छोटे, हे बोलले. 'सुरी' म्हणाले. मग म्हणाले, 'नको'. आणि मग म्हणाले, 'थांब'."



*

या लिलावघराला डॉक्टरीणबाई नव्या नव्हत्या. खरं तर ते अजून जसंच्या तसं उभं होतं, ते त्यांच्यामुळेच.

एके काळी इथे सुताचे लिलाव होत. सूत विकत घेणाऱ्या पेढ्यांची इथे एक खास रीत होती. पेढीचा एक भागीदार गठ्ठ्यांपाशी उभा राहून सूत चाचपायचा, दुसरा बरोबर समोरच्या भिंतीशी, बोली पुकारणाऱ्याजवळ. चाचपणारा भिंतीकडे तोंड करून पुटपुटायचा, "धागा कच्चा आहे, वर जाऊ नकोस." ते पुटपुटणं गोल भिंतीला धरून सरकत सरकत पलीकडच्याच्या कानात पडायचं. मध्ये उभ्या असलेल्या शेकडो माणसांना पत्ता लागायचा नाही. पोरंटोरं तिथे शिरून एकमेकांना भिंतीतून शिव्या द्यायची आणि मार खायची.

लिलाव बंद पडले. नगरपालिकेने ठरवलं की घुमटाखाली खोटं छत ठोकायचं, मध्ये आडव्या भिंती घालायच्या आणि गोदाम करायचं. तेव्हा डॉक्टरीणबाई सभेत उठून म्हणाल्या होत्या, "इमारत पडली तर सगळ्यांना दिसतं. तिचा आवाज मेला तर कुणाला कळतही नाही. तो तुमच्या वाडवडिलांच्या कानांतला आवाज आहे. निदान तो मोजून, टिपून तरी ठेवू या."

लोक जमले. कुणी घुमटाखाली टाळ्या वाजवल्या, कुणी फुगे फोडले, घुमणारा नाद किती वेळ टिकतो ते यंत्रावर टिपलं. गावाने त्यांचं नाव टाळीमंडळ ठेवलं. मग मंडळाने लिलावघरात आयुष्य काढलेली माणसं बोलावली: सूत तोलणारे तोलार, हमाल, बोली पुकारणारे, चहावाला, आणि एका पेढीवरचे कारकून म्हणून भाऊजीही. प्रत्येकाला त्याच जागी, भिंतीशी उभं करून त्याचा आवाज टिपला. पालिकेच्या साहेबांनी ते ऐकलं, त्यांनाही त्यात आपल्या आजोबांचा आवाज सापडला, आणि गोदामाचा बेत रद्द झाला. टाळीमंडळाने त्या दिवशी खऱ्या टाळ्या वाजवल्या.

हे सगळं टिपणारा माणूस होता गावातला स्पीकरवाला. लग्न, सभा, नाटक, काहीही असो, त्याचे भोंगे ठरलेले. माणूस बोलघेवडा आणि मदतीला तत्पर. पुढे तो काही दिवस दिसेनासा झाला आणि परत आला तो पांढऱ्या झग्यात. घुमटाखाली आपल्याला साक्षात्कार झाला, असं त्याने सांगितलं. काल ज्याला "अरे, तो माईक शिट्टी मारतोय बघ" म्हणून दटावायचे, त्याच्या आज सगळे पाया पडायला लागले.

डॉक्टरीणबाईंना आधी वाटलं, बाबा पडद्यामागे कुणाला तरी उभं करून कुजबुजायला लावत असतील. ताईचं मन हळवं, तिला त्या कुजबुजीत भाऊजी ऐकू येतात, एवढंच. त्यांनी ते ताईला सांगून पाहिलं.

"ताई, मंगळवारची तारीख आहे."

"मंगळवार रद्द."

"अगं, पडद्यामागे कुणीही उभं राहून कुजबुजू शकतं. तूसुद्धा लहानपणी मला त्या भिंतीतून भुताचे आवाज काढून घाबरवायचीस."

"कुजबुजलेलं नव्हतं ते. बोललेलं होतं. त्यांच्या आवाजात." ताई शांतपणे कपडे घडी करत होती. "तू कानाची डॉक्टर ना? मग माझ्या कानांवर तरी विश्वास ठेव. ज्या आवाजाशी मी आयुष्यभर भांडले, तो मला ओळखू येणार नाही?"

"भाऊजी जिवंतपणी तुला कधी 'थांब' म्हणाले होते का? त्यांचं सारखं 'चल, आवर, उशीर होतोय'."

ताईला हसू आलं. "मेल्यावर माणसाची घाई संपते गं."

"ताई, गाठीची घाई संपत नाही!" डॉक्टरीणबाई ओरडल्याच. "आज ती लहान आहे. उद्या काखेत उतरेल, मग हाडात. मग मी काय करू?"

ताईने हातातला सदरा खाली ठेवला. तो भाऊजींचाच होता, अजून घडी करून कपाटात ठेवला जायचा.

"मला भीती वाटते, छोटे," ती म्हणाली. "ते म्हणाले 'थांब', तर किती बरं वाटलं म्हणून सांगू."

मंगळवार गेला. त्यापुढचाही गेला. सर्जननी दोनदा तारीख बदलून दिली आणि तिसऱ्यांदा फोन उचलला नाही.

*

उलगडा झाला तो दवाखान्यात, अगदी रोजच्या कामात.

एक आजोबा तपासायला आले होते. काचेच्या खोलीत त्यांना बसवून, कानाला यंत्र लावून डॉक्टरीणबाई बाहेरून नेहमीचे शब्द म्हणत होत्या. ऐकू येतं का ते बघायला साधे, घरातले शब्द लागतात. आजोबा ऐकतील तसं परत म्हणत होते.

"पाणी."

"पाणी."

"माती."

"माती."

"सुरी."

"सुरी," आजोबा म्हणाले आणि वाट बघत राहिले. पुढचा शब्द येईना. "डॉक्टरीणबाई, कान गेला का माझा?"

डॉक्टरीणबाई माईकपुढे तोंड उघडं ठेवून बसल्या होत्या. सुरी. रोज दहा जणांपुढे त्या म्हणत, तोच शब्द. आणि टाळीमंडळाने माणसं बोलावली, तेव्हा प्रत्येकाने तेच शब्द बोलावेत म्हणजे आवाजांची तुलना करता येईल, म्हणून त्यांनीच तर आपले दवाखान्यातले शब्द दिले होते. पाणी, घर, माती, सुरी, दार, उद्या. त्यात तोलारकाकांनी लिलावातले चार पुकारे घालायला लावले होते: थांब, नको, दे, घे.

टाकी गळतेय म्हणणाऱ्या बाईच्या वडिलांना 'घर' आणि 'पाणी' एवढंच का सुचलं, ते आता उमगलं. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. भाऊजी 'शस्त्रक्रिया' म्हणाले नाहीत, 'गाठ' म्हणाले नाहीत, बायकोला ज्या नावाने हाक मारायचे ते नावही घेतलं नाही. 'सुरी' म्हणाले, 'नको' म्हणाले, 'थांब' म्हणाले.

आणि ज्या मेलेल्यांनी टाळीमंडळात आवाज दिला नव्हता, त्यांच्याबद्दल बाबा म्हणत, "आत्मा अजून प्रवासात आहे." गावातल्या एका बड्या वकिलाची आई कधीची प्रवासात होती. तिने लिलावघरात कधी पाऊल टाकलं नव्हतं, एवढाच तिचा दोष.

खात्री करायची म्हणून डॉक्टरीणबाईंनी स्वतः रांग लावली. बाबा त्यांना पाहून जरा चपापले, पण लोकांपुढे नाही म्हणणार कसं? डॉक्टरीणबाईंनी भिंतीला कान लावला. "थांब... उद्या," भाऊजी म्हणाले. आवाज खरंच त्यांचा होता. पण डॉक्टरीणबाईंच्या कानाने आणखी एक गोष्ट पकडली. घुमटाखाली माणूस बोलला की शब्दामागे नादाची एक शेपटी राहते. इथे शब्दाला दोन शेपट्या होत्या. एक भाऊजी बोलले त्या दिवशीची, शब्दाबरोबर टिपली गेलेली. आणि दुसरी आजची, यंत्रातून तो परत वाजला त्याची.

आणखी एक दिसलं. काळा पडदा भिंतीला चिकटवलेला नव्हता. भिंत आणि पडदा यांच्यामध्ये हातभर जागा मोकळी होती. भिंतीला धरून आवाज कसा चालतो, हे ज्याला ठाऊक आहे, तोच तो असा टांगणार.

*

तोलारकाका जिवंत होते. गुडघे गेले म्हणून लेकीकडे, दुसऱ्या गावी राहायला गेले होते. पण रोज चहाच्या टपरीवर दिसणारा माणूस दिसेनासा झाला की गाव त्याला सोयीने मारून टाकतं. डॉक्टरीणबाईंनी लेकीला फोन केला. काकांना सगळं कळल्यावर ते फोनवर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "माझ्या आवाजात तो कुणाला काय सांगतोय?" आणि रविवारच्या गाडीने आले.

रविवारी लिलावघर तुडुंब भरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ताईला बरोबर आणलं होतं. बाहेरच्या खोलीत त्या बाबांना म्हणाल्या, "तोलारकाकांशी बोलायचंय. फार आठवण येते त्यांची." ते गेले, असं त्या म्हणाल्याच नाहीत. बाबांनीही विचारलं नाही.

"आणि एक विनंती आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका सगळ्या गावाचे होते. आज सगळ्यांनाच भिंतीला कान लावू द्या."

बाबांना वाटलं, कानाची डॉक्टर शरण आली. त्यांची छाती दोन इंच फुगली. "लावा! सगळे लावा! आज महाकंपन होणार!"

गोल भिंतीला माणसांची माळ लागली. घुमटाखाली सगळं शांत झालं. बाबांचा हात झोळीत गेला.

"दार," भिंत म्हणाली, तोलारकाकांच्या खरखरीत आवाजात. "घर... पाणी... दे."

"हा हंत!" बाबा कळवळले. "काकांचा आत्मा तहानलेला आहे!"

"नाहीये!" मागून कुणीतरी खणखणीत ओरडलं. "आत्ताच चहा झालाय माझा!"

माकडटोपी काढत तोलारकाका दोन माणसांच्या खांद्यांवर हात ठेवून पुढे आले. कुणीतरी किंचाळलं. एक म्हातारा सरळ त्यांच्या पाया पडला. काकांनी त्याला काठीने दूर केलं. "अरे, मी मेलेलो नाही. पाया पडायला अजून वेळ आहे."

पहिल्यांदा एक मुलगा हसला. मग हशा पसरला आणि घुमटात घुमला. डॉक्टरीणबाई त्या हशातच सरळ चालत गेल्या आणि काळा पडदा ओढला. मागे वाटबिट काही नव्हती. भिंतीतल्या दिवा ठेवायच्या कोनाड्यात, भिंतीकडे तोंड करून, एक छोटा स्पीकर होता.

"झोळी," त्या म्हणाल्या.

दोन तरण्या पोरांनी बाबांचा हात झोळीतून बाहेर ओढला. त्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलच्या पडद्यावर तोलारकाकांचं नाव.

"ऐका," डॉक्टरीणबाई वळल्या. आवाज चढवायची गरज नव्हती, घुमट त्यांचं बोलणं शेवटच्या माणसापर्यंत नेत होता. "हे आवाज तुमच्याच माणसांचे आहेत. तुम्ही आणि मी मिळून टिपलेले. हा माणूस त्यातले शब्द सुटे करून, हवे तसे जोडून या कोनाड्यातून वाजवतो. भिंत गोल आहे, म्हणून आवाज तिला धरून तुमच्या कानापर्यंत येतो. सुताचे व्यापारी हेच करत होते, तेव्हा तुम्ही त्याला चमत्कार म्हणत नव्हता. तुमचा मेलेला माणूस फक्त तेच शब्द बोलतो, जे मी त्याला बोलायला दिले होते. ते शब्द या माणसाच्या हाती सोडले, ती माझी चूक. पण आता तुमची चूक करू नका. ज्या आवाजाला उलटा प्रश्न विचारता येत नाही, त्याच्या सांगण्यावर जीव सोपवू नका."

बोलणं स्वच्छ होतं. तिथे टाळ्या पडायला हव्या होत्या, निदान बाबांना दोन शिव्या तरी.

टाकीवाली बाई पुढे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे आता माझे वडील बोलणार नाहीत?"

"ते बोलतच नव्हते, बाई."

"आवाज त्यांचाच होता ना? तुम्हीच म्हणालात आत्ता!" ती ओरडली. "मग तुमचं काय जात होतं? कुणाचं काय बिघडत होतं?"

बाबांनी तेवढ्यात संधी साधली. स्टुलावरून उतरून ते हात जोडून म्हणाले, "मी फक्त दुःख हलकं करत होतो. यंत्र असेल, पण भाव खरा होता." आणि डोळ्यांत पाणीही आणलं. गर्दीतून दोघांनी "खरं आहे" म्हटलं, मग दहांनी म्हटलं. कुणीतरी डॉक्टरीणबाईंना धक्का दिला. तोलारकाका मध्ये पडले, तर त्यांना ऐकावं लागलं, "तुम्ही मेला असता तर बरं झालं असतं, काका, निदान बोलला तरी असता."

ताई भिंतीशी उभी होती. डॉक्टरीणबाई तिच्याजवळ गेल्या.

"ताई, कळलं ना आता?"

"मला पहिल्या दिवशीच थोडं कळलं होतं," ताई म्हणाली. "मला ऑपरेशन नको होतं. बाहेरच्या खोलीत मी रडून ते त्यालाच सांगितलं होतं. मग आत तेच ऐकू आलं."

"मग का गं? का थांबलीस?"

"तू डॉक्टरसारखं सांगायचीस. ते नवऱ्यासारखं सांगत होते."

डॉक्टरीणबाई दाराबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी, पायरीवर जाऊन बसल्या आणि रडल्या. आजूबाजूने माणसं जात होती, त्यांची त्यांना पर्वा नव्हती.

*

बाबा आठवड्याभरात गाव सोडून गेला. दुसऱ्या कुठल्या गावात त्याने पाण्याच्या जुन्या टाकीत ठाण मांडलं आहे, असं ऐकू येतं. तिथे म्हणे गर्दी मोठी आहे.

नगरपालिकेने मात्र तत्परता दाखवली. साहेबांनी सभेत भाषण केलं की अंधश्रद्धेला आळा घालण्यासाठी कडक उपाय केला पाहिजे. उपाय तयारच होता. घुमटाखाली खोटं छत ठोकलं, आडव्या भिंती घातल्या, आणि गोल भिंतीवर आवाज पिऊन टाकणारे जाड तक्ते बसवले. टाळीमंडळातल्या लोकांना डॉक्टरीणबाईंनी विरोधाच्या अर्जावर सह्यांसाठी गाठलं. त्यातले निम्मे फोनवर आले नाहीत, आणि उरलेल्यांनी आपापल्या माणसांचे आवाज पुसून टाकायला सांगितलं. घाबरले होते बिचारे. डॉक्टरीणबाईंनी ते एकेक करून पुसले. भाऊजींचा तेवढा ताईने पुसू दिला नाही. तक्ते बसवल्यावर डॉक्टरीणबाई एकदा आत गेल्या आणि टाळी वाजवली. टाळी हातातच मेली.

सर्जननी ताईला तपासलं आणि डॉक्टरीणबाईंना बाहेर बोलावलं. त्यांनी फार शब्द वापरले नाहीत. गाठ काखेत उतरली होती आणि पाठीच्या कण्यातही. कापून आता उपयोग नव्हता. वेदना कमी करता येतील, म्हणाले. डॉक्टरीणबाई स्वतः डॉक्टर होत्या, त्यामुळे पुढचं त्यांनी विचारलं नाही.

ताईला मात्र कुणी फसवलं नाही. तिने विचारलं, छोटीने सांगितलं. ताई म्हणाली, "मला लिलावघरापाशी ने."

"कशाला? बंद आहे ते. आत पोती भरली आहेत."

"ने तर."

डॉक्टरीणबाईंनी तिला रिक्षातून नेलं. गल्लीत वळल्यावर समोरचं पाहून त्यांनी रिक्षा तिथेच थांबवायला सांगितली. दाराला कुलूप होतं, तरी बाहेरच्या भिंतीला बायका ओळीने कान लावून उभ्या होत्या. चार-दोन पुरुषही होते. बाहेरची भिंत ओबडधोबड दगडाची. तिच्यातून रस्त्यावरच्या ट्रकचा घरघराट सोडून काही ऐकू येणं शक्य नव्हतं. टाकीवाली बाई डोळे मिटून सगळ्यांत पुढे होती. तिला काहीतरी ऐकू येत होतं असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

ताई छापखान्याच्या पायरीवर बसली. तिला आता उभं राहवत नव्हतं.

"बायांनो, जरा इकडे बघा," ती म्हणाली. दोघी-तिघी वळल्या. "तुम्ही मला ओळखता. माझा नवरा मला भिंतीतून 'थांब' म्हणाला आणि मी थांबले. तो माझा नवरा नव्हता, ते यंत्र होतं, आणि तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंय. आता माझे थोडे दिवस राहिलेत. वेळेत गेले असते तर बहुतेक वाचले असते. तुमच्यातल्या कुणाला अंगात कुठे गाठ लागत असेल, कुणाचं रक्त जात असेल, कुणाचं पोर तापलं असेल, तर भिंतीला विचारू नका. दवाखान्यात जा. आजच जा. भीती वाटते, मला माहिती आहे. मलाही वाटली होती."

एकीने पदराने डोळे टिपले. दुसरी पुढे येऊन ताईच्या पायाशी बसली आणि तिचा हात हातात घेतला. डॉक्टरीणबाईंना क्षणभर वाटलं, पोचलं. एकीला तरी पोचलं.

"ताई," ती बाई हळूच म्हणाली, "तुम्ही गेल्यावर इथूनच बोलाल ना? मी रोज येऊन कान लावीन."

ताईने तिच्याकडे बघितलं. रागावली नाही.

"नाही गं," ती म्हणाली. "मेलेलं माणूस बोलत नाही. म्हणून तर जिवंत आहे तोवर सांगायला आले. तुला गाठ आहे का?"

बाईने मान खाली घातली. हात आपोआप पदराआड गेला.

"मग ऊठ. ही माझी बहीण डॉक्टर आहे, तिच्याबरोबर आत्ता जा."

बाई उठली. डॉक्टरीणबाईंनी रिक्षा थांबवायला हात वर केला. पण बाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, आणि "आधी एकदा विचारून येते हं," म्हणून ती परत ओळीत जाऊन उभी राहिली.

ताईने दम घेतला आणि सगळं पहिल्यापासून, आणखी मोठ्याने सांगायला सुरुवात केली.